दुसऱ्याच्या बापाचं नाव

देवासात कोणाला पण विचारा, नीलकंठ टेंबे कोण? समोरचा आधी डोकं खाजवेल. मग म्हणेल, "अच्छा, निळूभिया! तो ऑर्केस्ट्रावाला? गिटार बेसुरी लावतो तो?"

बस. चौपन्न वर्षांच्या माणसाची एवढीच ओळख, आणि ती पण चुकीची. गिटार बेसुरी नसते. सगळ्यात बारीक तार तो मुद्दाम एक सूर खाली उतरवून ठेवतो. दुसरा कोणी त्याची गिटार उचलून वाजवायला गेला की तोंड वाकडं करतो, आणि मग गावभर सांगत फिरतो.

तार अशी उतरवायची हे त्याला डर्बनमध्ये एका झुलू माणसानं शिकवलं. पण हे देवासात सांगून उपयोग नाही. इथे गाणं म्हणजे एक तर ख्याल, नाहीतर निर्गुणी भजन, नाहीतर लग्नातला डीजे. आधी लोक निदान विचारायचे, झुलू म्हणजे काय रे? आता ते पण बंद झालं.

झालं असं होतं. नीलकंठचे वडील मार्तंडराव साताऱ्याकडून कारखान्यात फिटर म्हणून देवासला आले. पोरगा पण आयटीआय करून त्याच कारखान्यात फिटर लागला. दिवसा पाना-पकड, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार. सत्त्याण्णव साली कारखान्यानं डर्बनला मशिनी बसवायला आठ जण पाठवले, दोन वर्षांसाठी. त्यात हा होता. बाकीचे सात जण सुटीच्या दिवशी कणकेचे बाफले भाजायचे आणि घरच्या आठवणीनं डोळे पुसायचे. हा मात्र बॉयलरवर काम करणाऱ्या वुसी झोंडीच्या मागे लागला.

वुसी जेवणाच्या सुटीत बॉयलरच्या भिंतीला टेकून गिटार वाजवायचा. फक्त अंगठा आणि तर्जनी, बाकीची बोटं घरी ठेवून आल्यासारखी. अंगठा जाड तारांवर आपल्या चालीनं चाललेला, तर्जनी बारीक तारांवर भलतंच काही बोलतेय. दोन माणसं रस्त्यानं भांडत चालली आहेत पण पाय बरोबर पडताहेत, तसं. या वाजवण्याला ते मस्कंडी म्हणतात. गावाकडून शहरात कामाला आलेल्या झुलू माणसांचं गाणं. आणि शनिवारी तोच वुसी कोट चढवून बंदराजवळच्या हॉटेलात जॅझ वाजवायचा. बरोबर सॅक्सोफोनवाला, पियानोवाला, सगळा थाट. पण बोटं तीच, बॉयलरच्या भिंतीजवळची. पियानोवाला कुठे पण जाऊ दे, वुसी त्याला फिरवून आपल्या गावाकडच्या नदीवर आणायचा.

नीलकंठ दोन वर्षं त्याच्या बाजूला बसला. आधी नुसता ऐकायला, मग दुसरी गिटार घेऊन. तिथे त्याला कोणी बेसुरा म्हणालं नाही.

मस्कंडीत एक जागा येते. सूर तसाच गोल फिरत राहतो आणि वाजवणारा गायचं सोडून भराभरा बोलायला लागतो, श्वास न घेता. वुसी काय बोलायचा ते नीलकंठनं एकदा विचारून घेतलं होतं. "मी झोंडी, म्झिलाचा मुलगा, तुगेला नदीचं पाणी प्यालेला, दुसऱ्यांची गुरं राखून मोठा झालेला, शहराच्या गाडीत चढलो तेव्हा एकाच पायात बूट होता." असं बरंच काही. नीलकंठनं ते झुलू भाषेत जसंच्या तसं पाठ केलं. वुसीसमोर म्हणून दाखवायची हिंमत मात्र कधी झाली नाही. लाज वाटायची.

परत आल्यावर त्यानं धारला जाऊन ताईला विचारलं. ताई म्हणजे मोठी बहीण. धारला दिलेली, जुन्या दरबारी अंमलदारांच्या घरात. शाळेत संगीत शिकवायची, ख्यालाची तालीम पक्की. घरात सुराच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

"ताई, या बोलात त्यांचं नाव येतं. त्यांच्या बापाचं पण. मी म्हणताना काय करू?"

"काय करू म्हणजे? आहे तस्सं म्हणायचं," ताई म्हणाली. "बंदिशीत करणाऱ्याचं नाव असतं, निळू. ते काढून आपलं घातलं की चोरी. गुरूचं नाव खाल्लं असं म्हणतात त्याला."

झालं. त्या दिवसापासून नीलकंठ टेंबे, राहणार देवास, दर वेळी म्हणत आला की मी झोंडी, म्झिलाचा मुलगा.

आणि कुठे कुठे म्हणाला! कारखाना बंद पडला तेव्हा गिटार हेच पोट झालं. कन्नौदला मंडीवाल्यांच्या लग्नात. पीपलरावां गावात, जिथे नवरदेवाच्या मामानं स्टेजवर चढून माइकच ओढून घेतला. इंदोरच्या एका हॉटेलात तर सहा वर्षं 'जॅझ नाइट'ची पाटी लावून त्याला पनीरच्या भांड्याशेजारी बसवायचे. लोक प्लेट घेऊन यायचे आणि म्हणायचे, "भैया, कुछ अपना वाला सुनाओ ना." तो मान हलवायचा आणि सिनेमाचं गाणं वाजवायचा. पण प्रत्येक कार्यक्रमात, लोक जेवायला वळले की, पाच मिनिटं तो आपलं ते एक गाणं वाजवून घ्यायचा, बोलांसकट. कोणी ऐकत नसायचं. त्याला त्याचं काही नव्हतं. दिवसभरात तेवढंच त्याचं होतं.

आता तो दमला होता. मान दुखते, उजव्या अंगठ्याचं नख पातळ होऊन चिरतं, दर सीझनला वाटतं बस झालं.

अशात धारच्या बापूसाहेबांचा फोन आला. बापूसाहेब तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, वय ऐंशी, आवाज कलेक्टरचा. ताईची मुलगी रुचा हिनं मामाचा ते गाणं वाजवतानाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता. तो बापूसाहेबांच्या नातवानं त्यांना दाखवला.

"रविवारी चार वाजता, आपल्या सभागृहात. पूर्ण एक तास तुमचा. हेच वाजवायचं, ते आफ्रिकेचं," बापूसाहेब म्हणाले. "बोर्ड रंगवायला दिला आहे. नीलकंठ टेंबे, गिटार. बरोबर ना?"

तीस वर्षांत बोर्डावर त्याचं एकट्याचं नाव पहिल्यांदा येत होतं. तो त्या दिवशी दोनदा जेवला.

चार दिवसांनी त्याच व्हिडिओखाली डर्बनहून कोणीतरी लिहिलं: "या माणसाला माझ्या वडिलांचं नाव घेण्याचा अधिकार कोणी दिला?" लिहिणारी नोमुसा झोंडी. वुसीची मुलगी, तिकडे शाळेत शिक्षिका.

नीलकंठ पहिल्या बसनं धारला गेला. ताईच्या ओट्यावर बसून रुचानं व्हिडिओ कॉल लावला. नीलकंठचं इंग्रजी डर्बनचं, कारखान्याच्या फाटकापुरतं, म्हणून रुचा मधे सांगत होती. ताई खुर्ची ओढून बाजूला बसली, जणू हिचीच परीक्षा आहे.

नोमुसा चिडलेली नव्हती. तेच वाईट होतं. ती दमलेली दिसत होती, वर्ग सुटल्यावर मास्तरीण दिसते तशी.

"तुम्ही अगदी बाबांसारखं वाजवता," ती म्हणाली. "मी डोळे मिटून ऐकलं. मग तुम्ही बोलायला लागलात आणि मी फोन खाली ठेवला. बाबा सोळा वर्षांपूर्वी गेले. त्यांचे ते बोल माझ्या भावानं कबरीपाशी उभं राहून म्हटले. ते बोल म्हटले की गेलेलं माणूस येतं. तुम्ही त्यांना कुठे कुठे बोलावलंत इतकी वर्षं?"

नीलकंठला पनीरचं भांडं दिसलं.

"आणि तुम्ही म्हणता, मी. मी म्झिलाचा मुलगा. म्झिला माझे आजोबा. त्यांना तुम्ही कधी झालात?"

आता ताई उसळली. "रुचा, सांग तिला. म्हणावं, आमच्यात नाव ठेवणं हा मान आहे. नाव काढलं असतं तर चोर झाला असता! सत्तावीस वर्षं यानं गुरूचं नाव सोडलं नाही, आणि ही बाई याला चोर म्हणते?"

रुचानं जमेल तसं सांगितलं. नोमुसा फोनच्या जवळ सरकली.

"तुमच्याकडे गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव गाण्यात राहतं, असं का? मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आमच्याकडे त्या जागेवर वाजवणारा स्वतःचं सांगतो. बाप, नदी, गाव, लाज, सगळं. बाबा असते तर हसले असते. म्हणाले असते, मी त्याला गिटार दिली आणि हा माझी चप्पल पण घालून गेला."

"मग मी ते गाणं वाजवू नको का?" नीलकंठनं स्वतःच विचारलं, मोडक्या इंग्रजीत.

"वाजवा. तुमचं म्हणा."

"माझं सांगण्यासारखं काही नाही."

"कोणाचंच नसतं. आणि ते स्वतः बनवायचं नसतं. लोक तुम्हाला काय म्हणतात? चांगलं नको, सगळं. विचारा त्यांना."

कॉल संपला. ताई पदरानं तोंड पुसत आत गेली. चहा ठेवला नाही, काही नाही. घरात भांडी मात्र जोरात वाजत होती.

पाच दिवस राहिले होते. नीलकंठनं दोनदा बापूसाहेबांचा नंबर काढला, रद्द करा सांगायला. बोल गाळून वाजवून बघितलं, तर गाणं दात पडलेल्या तोंडासारखं वाटायला लागलं. झुलू बोल म्हणायला गेला तर जीभ वळेना. ते एक गाणं हातचं गेलं तर मागे काय उरतं? सिनेमाची गाणी आणि मानदुखी. हे त्याला नीट कळत होतं, म्हणूनच झोप नव्हती.

तिसऱ्यांदा नंबर काढला तेव्हा फोन लागला.

"साहेब, मी नाही करत कार्यक्रम."

"बोर्ड रंगवून झाला आहे हो," बापूसाहेब म्हणाले. "आता कसं?" आणि फोन ठेवून दिला. मोठ्या लोकांचं असंच असतं, बोर्ड रंगला की त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

मग तो विचारत सुटला. दुसरा रस्ताच नव्हता. सकाळी सयाजी गेटजवळ पोहे खाताना त्यानं फत्तेसिंगला पकडलं. फत्तेसिंग ऑर्केस्ट्राचा ढोलकवाला, वीस वर्षांचा सोबती, बोलणं सगळं माळव्याचं.

"फत्ते, माझ्या पाठीमागे तुम्ही लोक मला काय म्हणता रे?"

"कायको पूछ रिया भिया? सुबे-सुबे?"

"काम आहे. खरं सांग."

फत्तेसिंगनं जलेबीचा तुकडा तोंडात टाकला, वेळ काढायला. "दफ्तर."

"काय? ऑफिस?"

"दफ्तर बोलते हैं आपको. टाइम से आता है, टाइम से जाता है, बीच में किसी से बात नी करता." मग त्याला वाईट वाटलं. "मैंने नी रखा भिया. वो कीबोर्डवाले ने रखा. मैं तो खाली हँसा था."

"अजून?"

"मुर्दे को भी सुर में लाने वाला. वो मैंने रखा. उस दिन कन्नौद में सिंगर टुन्न था न, आपने पूरा स्केल गिरा के उसको निभा लिया था."

नीलकंठनं खिशातून पेन काढून पोह्याच्या कागदावर दोन्ही लिहून घेतलं. फत्तेसिंग बघतच राहिला. म्हणाला, "तबीयत तो ठीक है?"

घरमालकीण म्हणाली, "भाजीत मीठ नसलं तरी न सांगणारा." त्याच्याकडे गिटार शिकून गेलेला जुना एक शिष्य फोनवर म्हणाला, "सर, आम्ही तुम्हाला 'परत वाजव' म्हणायचो." अशी कागदावर सात-आठ नावं झाली. एक पण छातीवर लावण्यासारखं नाही. आणि बापाची ओळ रिकामी. ती दुसऱ्या कोणाला विचारून भरता येणार नव्हती.

रविवारी तो सकाळीच धारला पोचला. ताई उंबऱ्याशी गहू निवडत होती. त्यानं कागद तिच्यापुढे धरला.

"तू राहिलीस. तू काय म्हणतेस मला?"

ताईनं चष्म्यावरून कागद वाचला. दोनदा. मग सुपातला एक खडा काढला आणि बाजूला ठेवला.

"पळपुटा," ती म्हणाली.

त्यानं पेन काढून ते कागदावर लिहायला घेतलं.

"अठ्ठ्याण्णव साली बाबा गेले. मी तिकडे कारखान्याच्या फोनवर निरोप दिला. साहेबानं तिकीट काढून देतो म्हटलं होतं, मला नंतर कळलं. तू आला नाहीस. पिंडाला कावळा शिवेना. दोन तास आम्ही घाटावर उन्हात उभे. शेवटी माझ्या नवऱ्यानं हात जोडून सांगितलं, निळूचं आम्ही बघू, मग शिवला. सत्तावीस वर्षांत मी तुला एक शब्द बोलले का?"

"नाही."

"आज तू विचारलंस म्हणून."

नीलकंठ पायरीवर बसला. कागदाची घडी करत म्हणाला, "त्या शनिवारी वुसीनं पहिल्यांदा मला हॉटेलात बरोबर वाजवायला घेतलं होतं. मला वाटलं, बाबा तर गेलेच. जाऊन काय करू?"

"ते पण लिही," ताई म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. आतूनच ओरडली, "आणि जेवून जा. तिथे नुसता बिस्किटाचा पुडा देतात."

चार वाजता सभागृहात साठेक माणसं होती. मागे बाग प्रिंटची, ठशांनी छापलेली मोठी चादर लावलेली, पुढच्या रांगेत बापूसाहेब छडीवर हनुवटी टेकून, ताई कडेच्या खुर्चीत, रुचा मोबाइल धरून. बोर्डावर नाव खरंच छान रंगवलं होतं. नीलकंठनं आधी जॅझचे चार तुकडे वाजवले, वुसी हॉटेलात वाजवायचा ते. लोक बरे बसले. दोघं-तिघं फोन घ्यायला बाहेर गेले आणि परत आले नाहीत. मग जॅझसाठी वर चढवलेली बारीक तार त्यानं परत उतरवली.

"बिघडली का हो?" कोणीतरी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "अशीच असते."

अंगठा चालायला लागला, तर्जनी बोलायला लागली. ती जागा आली. तो बोलला नाही. सूर एक फेरा फिरून आला. तो परत बोलला नाही. तिसऱ्या फेऱ्याला बापूसाहेबांनी छडी हलवली. नीलकंठच्या गळ्यात झुलू शब्द तयार होते, सत्तावीस वर्षांचे, तेल घातल्यासारखे. ते बाहेर यायला धडपडत होते. त्यानं ते गिळले आणि मराठीत सुरू केलं.

"मी टेंबे. दफ्तर म्हणतात मला, वेळेवर येतो, वेळेवर जातो. बिनमिठाची भाजी खाऊन गप बसणारा. दर सीझनला साठ लग्नं वाजवली, स्वतःचं एक पण नाही. मुर्दे को सुर में लानेवाला, फत्तेसिंगनं ठेवलेलं नाव. क्षिप्रेचं पाणी प्यालेला, ते पण उन्हाळ्यात टँकरनं आलं तर."

दोघं हसले. एका बाईनं त्यांना गप केलं.

"पळपुटा म्हणते माझी बहीण. खरं म्हणते. बाप मेला तेव्हा मी समुद्रापलीकडे गिटार वाजवत बसलो होतो. दुसऱ्याच्या बापाचं नाव घेऊन सत्तावीस वर्षं फिरलो. मी फिटर मार्तंडचा मुलगा. मार्तंड टेंबे, ज्याच्या हातचा नट कधी ढिला झाला नाही. मार्तंड टेंबे, ज्याला माझी गिटार आवडायची नाही. मार्तंड टेंबे, या. बसा. ऐका."

हात चालू होते म्हणून बरं.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या साध्याच पडल्या, मराठी मंडळात पडतात तेवढ्या. बापूसाहेबांनी नारळ दिला आणि म्हणाले, "शेवटचं जरा वैयक्तिक झालं, पण चांगलं झालं." ताई खुर्चीतच होती. नीलकंठ तिच्यापाशी गेला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "टेंबे म्हणालास तेव्हा सूर चढला तुझा. पाव भर."

"हो, कळलं मला."

"बाबांना कळला असता," ती म्हणाली, आणि मग तिनं त्याच्या मनगटाला धरूनच उठायला जोर घेतला आणि दारापर्यंत ते सोडलं नाही.

रुचानं तेवढा भाग नोमुसाला पाठवून दिला, खाली ओळीओळीचा अर्थ लिहून. नीलकंठ इंदोरच्या बसमध्ये चढला. गिटार मांडीवर, कारण वर ठेवायला जागा नव्हती. मान ठणकत होती आणि दुसऱ्या दिवशी कन्नौदला लग्न होतं, दुपारीच पोचायचं. घाटाबिल्लोद आलं तेव्हा फोन वाजला. नोमुसानं सोप्या इंग्रजीत बोलून पाठवलं होतं. त्यानं कानाला लावलं.

"ऐकलं. वडिलांना बोलावलंत ते बरोबर केलंत," ती म्हणत होती. "पण फार सावकाश बोललात. मधे चार वेळा श्वास घेतलात, मी मोजले. तिथे श्वास घ्यायचा नसतो. आणि ज्यानं शिकवलं त्याचं नाव तुम्ही घेतलंच नाही. मी म्हटलं होतं त्यांचं नाव स्वतःचं म्हणून घेऊ नका. गुरू म्हणून तर घ्या! पुढच्या वेळी नीट करा आणि मला पाठवा."

नीलकंठनं ते परत एकदा ऐकलं. चौपन्नाव्या वर्षी, श्वास न घेता बोलायचं. त्यानं लिहून पाठवलं, "बघतो. दम लागतो." मग डोकं खिडकीच्या दांडीला टेकवलं आणि ओठातल्या ओठात, बस खड्ड्यातून उडत असताना, वुसी झोंडीचं नाव कुठे बसतं ते शोधायला लागला.